एका घरच्या दोन गाड्या

आर्वीहून मी निघाले त्या सकाळी मोठेबाबांनी माझ्या हातावर दही-साखर ठेवली आणि म्हणाले, "आपल्या घरचं नाव राखजो, बाई." मी पाया पडायला वाकले. वाकलेली होते ते बरं झालं, नाहीतर माझा चेहरा त्यांना दिसला असता. घराचं नाव त्याच वर्षी मार्च महिन्यात त्यांनी स्वतःच्या हातानं घालवलं होतं, आणि आता ते राखायचं काम माझ्यावर सोपवत होते. ओट्यावर अर्धी गल्ली जमली होती. आई शेवयांचा डबा बॅगेत नीट बसलाय का ते तिसऱ्यांदा बघत होती, मोठी आई डोळ्यांना पदर लावून उभी होती. मी गाडीत बसले आणि तळेगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बाबा होते. ते दोनदा मागे वळले आणि दोन्ही वेळा फक्त पासपोर्ट घेतलास ना, एवढंच विचारलं.

त्याला आता तीन वर्षं झाली. अमेरिकेत मक्याच्या सपाट मुलखातल्या एका कॉलेजात मी शिकते, डॉर्ममध्ये राहते, आठवड्यातून चार दिवस इथल्या अ‍ॅडमिशन ऑफिसात शिफ्ट करते. रविवारी लाँड्रीचं मशीन फिरत असतं तेव्हा घरी फोन लावते आणि मस्त चाललंय म्हणून सांगते. कॉलेज वाईट नाही. पण मला हे कॉलेज नको होतं, दुसरं हवं होतं, आणि ते माझ्या हातून कसं गेलं हे आपल्या घरात कोणी एकदाही तोंडातून काढलेलं नाही. म्हणून लिहिते आहे. आईबाबांसाठी, मोठेबाबा-मोठ्या आईसाठी, आणि सुयोगदादा, तुझ्यासाठीही, कारण माझ्या आठच दिवस आधी तू त्याच दारातून निघालास.

ज्यांना आमचं घर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. ते बाजार समितीत अडत्या आहेत. शेतकऱ्यांचा कापूस आणि सोयाबीन त्यांच्यामार्फत बोलीला लागतं. बाबा बियाण्यांचं आणि गुरांना घालायच्या सरकी-ढेपेचं दुकान सांभाळतात. चूल एक, आणि शब्दही एक, मोठेबाबांचा. बाबांच्या तोंडी, या थोरल्या भावाबद्दल, एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले, "दादाले विचारा लागन." शाळेच्या सहलीला जायचं असो की घराला रंग द्यायचा असो, दादाले विचारा लागन. सुयोगदादा मोठेबाबांचा मुलगा, माझ्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा, पण आम्ही एकाच वर्गात होतो. अकरा महिने म्हणजे आमच्या घरात फार. सायकल आधी त्याला, मोबाइल आधी त्याला, सणाला ताट आधी त्याचं. याचं मला तेव्हा काही वाटत नसे, उन्हाळ्यात ऊन पडतं तसंच ते होतं.

ते कॉलेज मी शोधलं होतं, हे मात्र लिहून ठेवलंच पाहिजे. बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात, दुकानाच्या मागच्या खोलीत, ढेपेच्या पोत्यांवर बसून. छोटंसं कॉलेज, पण पहिल्या वर्षाच्या मुलांनाही तिथे झाडांच्या मुळांवर काम करू देतात, आणि कापसाच्या मुळांवर काम करणाऱ्या एक प्राध्यापक बाई तिथे आहेत. मी त्यांना ईमेल लिहिला आणि त्यांनी उत्तर दिलं. बोंडअळीच्या वर्षी बाबा मला शेतकऱ्यांच्या वावरात घेऊन जायचे, हिरवी बोंडं फोडून आत काय आहे ते दाखवायचे, त्यावर मी निबंध लिहिला. सात वेळा लिहिला. दादानं तो "नमुना म्हणून" मागितला आणि आठवड्यानं जेवताना जाहीर केलं की तोही तिथेच अर्ज करणार आहे. त्याला मुळांशी काही देणंघेणं नव्हतं. मला हसू आलं, राग नाही आला. तो सगळा मागाहून आला.

तिथे अर्ज करायच्या दोन वाटा असतात. अर्लीवाला अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीला करायचा, उत्तर डिसेंबरात. पण त्यात वचन द्यावं लागतं की घेतलंत तर येणारच, बाकी सगळीकडचे अर्ज मागे घेऊ. त्यावर तिघांची सही लागते, मुलाची, पालकांची आणि शाळेची. म्हणून असं वचन एकाच कॉलेजला देता येतं, आणि जो फक्त तुमच्याकडेच यायचंय म्हणतो त्याच्याकडे ते जरा मायेनं बघतात. रेग्युलरवाला अर्ज जानेवारीत, उत्तर मार्चअखेर. तो दहा ठिकाणी करा, कोणी बांधलेलं नाही, पण तिथे गर्दी खूप आणि जागा थोड्या उरलेल्या. मी अर्लीवर खूण केली होती. माझ्या मनात दुसरं कॉलेज नव्हतंच, मग वचनाची कसली भीती? माझी सही झाली होती. प्रिन्सिपल मॅडमनी करते म्हटलं होतं. बाबांच्या सहीसाठीची लिंक त्यांच्या फोनवर आली होती.

कोजागिरी नुकतीच झाली होती. रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले असताना बाबांनी विषय काढला, म्हणजे दादाले विचारलं. मोठेबाबांनी दोन्ही अर्जांची माहिती नीट ऐकून घेतली. पैशासाठी त्यांनी आडकाठी केली नाही, पोरीच्या जातीला कशाला परदेश असंही म्हणाले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगते. ते जेवता जेवता थांबले आणि बाजारात बोलतात तशा शांत आवाजात म्हणाले, "हे पाहा, एका घरच्या दोन गाड्या एकाच टायमाले बोलीत लावायच्या नाई. व्यापारी समजते, याच्यापाशी माल पडून आहे. मंग दोन्हीचा भाव पाडते. पहिले सुयोगची लावू. भाव पाहू. बाईची मंग लावू, तिच्यावाल्या त्या रेग्युलरमंदी."

एवढंच. पुन्हा भाजी वाढून घेतली. कापसाच्या बाजारात हे शंभर टक्के खरं आहे, याच अकलेवर त्यांनी तीस वर्षं धंदा केला आहे आणि पुष्कळ शेतकऱ्यांचं भलंही केलं आहे. पण आम्ही कापूस नव्हतो. समोर बोली लावणारे नव्हते, अर्ज वाचणारी माणसं होती. हे मला तेव्हा पक्कं माहीत नव्हतं आणि विचारायला कोणी नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. बाबा ताटाकडे बघत होते. आई म्हणाली, मोठ्याचं आधी होऊ दे, मग तुझं होतेच. दादा काही बोलला नाही. दादा, तू काही बोलला नाहीस. निबंध माझा समोर ठेवून लिहिलास, कॉलेज माझं घेतलंस, आणि त्या ताटावर तुला एक वाक्य सुचलं नाही.

नंतरचे पाच दिवस ती लिंक बाबांच्या फोनमध्ये तशीच होती. बाबांचे मेसेज मीच बघायचे, त्यांना चष्मा लावायचा कंटाळा. दुपारी ते दुकानात गादीवर लवंडत आणि फोन माझ्या हातात असे. एक बोट ठेवायचं, बाबांचं नाव टाइप करायचं, झालं. कोणाला कळलंही नसतं. पाचही दिवस मी ती उघडली आणि पाचही दिवस मिटली. बाबांची सही बाबांनी करायची असते, खोटी सही करून दिलेलं वचन कसलं, असा माझा विचार. शेवटच्या दिवशी मी अर्लीवरची खूण काढून रेग्युलरवर केली. त्या अख्ख्या घरात सहीला किंमत देणारी मी एकटीच निघाले, आणि त्याचंच बक्षीस मला मिळालं.

डिसेंबरात दादाला मिळालं. मोठेबाबांनी गल्लीत पेढे वाटले. बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पाहा, पहिल्या गाडीले भाव चांगला लागला, आता तुहीही लागन. मी खरंच खूश होते, वेडी. दादाबरोबर जायचं, कोणी तरी घरचं सोबत असेल, अशी चित्रं रंगवत होते. जानेवारीत मी माझा अर्ज तिथे केला आणि आणखी चार ठिकाणी केला.

पण दादानंही जानेवारीत तीन अर्ज आणखी टाकले होते. टाकायचे नसतात. वचनात तसं लिहिलेलं असतं. मोठेबाबा म्हणाले असतील, टाकून ठेव, काय बिघडते. त्यांतलं एक कॉलेज दादाच्या अमेरिकेतल्या मामाच्या घराजवळ होतं. मार्चच्या मध्यात तिथून होकार आला आणि मोठ्या आईनं एक दिवसही दम धरला नाही. मामाच्या घरून डबा येईन, पोरगा उपाशी राहणार नाई. झालं. अर्लीवाल्या कॉलेजला दोन ओळींचा ईमेल गेला की येत नाही.

चार दिवसांत प्रिन्सिपल मॅडमनी घरच्यांना शाळेत बोलावलं. मोठेबाबा, बाबा, दादा गेले. मलाही बोलावून घेतलं, कारण माझाही अर्ज तिथेच होता. कॉलेजचं पत्र मॅडमच्या टेबलावर होतं. सभ्य भाषेत लिहिलेलं होतं की तुमच्या शाळेच्या सहीवर आम्ही विश्वास ठेवला, इथून पुढे ठेवणं कठीण जाईल. आमच्या शाळेतून असा अर्ज जाण्याची ती पहिलीच वेळ होती. मॅडमनी ते रागानं मोठेबाबांपुढे सरकवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सही केली होती. तुमच्या भरवशावर मी केली होती."

मोठेबाबांना त्यांचा राग खरोखरच कळत नव्हता. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, सही त मी दिवसातून पन्नास वेळा करतो. शब्द थोडाच देला होता कोणाले? त्या कॉलेजवाल्याले म्या पाहिलं बी नाई."

हे वाक्य मी तीन वर्षं डोक्यात घेऊन फिरते आहे. कारण ते खोटं बोलत नव्हते. माझे मोठेबाबा शब्दाचे पक्के आहेत. आर्वीच्या बाजारात कोणालाही विचारा. मी लहान असताना त्यांनी आंजीच्या एका शेतकऱ्याला चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सोयाबीनचा भाव बोलून दाखवला होता, ना कागद ना साक्षीदार. संध्याकाळपर्यंत भाव उतरला, तरी त्यांनी बोलले तोच दिला. तोंडाचा शब्द त्यांच्यासाठी जिवाएवढा, आणि कागदावरची सही म्हणजे पावतीच्या कोपऱ्यात खरडलेली रेघ. समोर माणूस उभा असेल तर वचन, संगणकात असेल तर फॉर्म. फसवायचं त्यांच्या मनात आलंच नाही. आलं असतं तर मला त्यांच्यावर सरळ चिडता आलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ, चिडून जायचं कुठे?

त्या भेटीनंतर नवव्या दिवशी मला नकार आला. कारण दिलेलं नव्हतं, ते कोणालाच देत नाहीत. शाळा तीच, आडनाव तेच, पत्ता तोच, सही त्याच मॅडमची. कदाचित माझा अर्जच कमी पडला असेल. हेही मी स्वतःला हजारदा सांगून बघितलं आहे, आणि खरं सांगायचं तर ते मानायला मला आवडलं असतं. मग नकार शांतपणे गिळता आला असता. घरी मोठेबाबा म्हणाले, जाऊ दे, तुह्या नशिबात दुसरं चांगलं असन. मोठ्या आईनं त्या दिवशी माझ्या आवडीची वांग्याची भाजी केली. मला दुसऱ्या एका कॉलेजात जागा मिळाली, इथे. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मॅडमनी त्या वर्षानंतर कोणाच्याही अर्ली अर्जावर सही केली नाही, असं नंतर मैत्रिणीकडून कळलं. म्हणजे आमच्यामागून येणाऱ्या पोरांचीही वाट आम्ही बंद करून आलो.

इथे ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर डेब्रा नावाच्या बाई बसतात. वीस-बावीस वर्षं हेच काम करतात. पहिल्याच हिवाळ्यात मी त्यांना विचारलं की एका घरातल्या दोघांनी एकाच फेरीत अर्ज केला तर एकामुळे दुसऱ्याचं नुकसान होतं का. त्या हसल्या. जुळी भावंडं दरवर्षी येतात म्हणाल्या, प्रत्येकाचा अर्ज वेगळा वाचतात, कधी दोघांना घेतात, कधी कोणालाच नाही. मग मी विचारलं, आणि अर्लीचं वचन देऊन कोणी मोडलं तर? त्यांचं हसू गेलं. मुलाचं नाव आम्ही विसरतो, म्हणाल्या, शाळेचं विसरत नाही. मी लिफाफ्यांत टाकायच्या पत्रांच्या घड्या घालत होते. त्यानंतर ती संपेपर्यंत घड्याच घालत राहिले. इतक्या लांब येऊन, परक्या बाईच्या तोंडून मला कळलं की त्या रविवारच्या जेवणात माझं जे ठरवलं गेलं त्याला काहीही आधार नव्हता.

आता या वर्षीचं. माझी धाकटी बहीण मनू बारावीत आहे, दुसऱ्या शाळेत, वर्ध्याला जाऊन-येऊन करते. तिलाही अर्ली अर्ज करायचा होता, तिच्या पसंतीच्या एका कॉलेजात. ऑक्टोबरात तिनं मला कळवलं की मोठेबाबा "पाहू" म्हणाले आहेत. आमच्या घरातल्या "पाहू"चा अर्थ मला ठाऊक आहे. मी ठरवलं की या वेळी गप्प बसायचं नाही. बोलायचे मुद्दे वहीत लिहून काढले, डेब्राबाईंना विचारून खात्री केली, सकाळी क्लास बुडवून बाबांना दुकानावर फोन लावला. म्हटलं, बाबा, मनूच्या सहीचं बोलायचं आहे.

"ते त कालच करून टाकलं," बाबा म्हणाले. मागे कोणी तरी ढेपेचा भाव विचारत होतं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विचारलं, मोठेबाबा हो म्हणाले?

नाई विचारलं, म्हणाले. मनू दुकानात येऊन बसली, जेवायला घरी जाईना, गिऱ्हाइकांसमोर रडून-ओरडून तमाशा केला, सही केल्याशिवाय उठत नाही म्हणाली. मग केली. संध्याकाळी भावाला सांगितलं. ते थोडं घुश्श्यात होते, आज सकाळी चहा सोबतच घेतला.

बस. भिंत म्हणून मी जिच्याकडे सतरा वर्षं बघितलं तिला हात लावल्यावर ती पडद्यासारखी बाजूला झाली. मनूसाठी मला आनंद झाला, खरंच झाला, आणि त्याच क्षणी इतका संताप आला की फोन भिंतीवर फेकावासा वाटला. इतकं सोपं होतं? चष्मा लावायचा आणि एक बोट ठेवायचं, एवढंच होतं? मग मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांना ते विचारलं. "मंग माह्या टायमाले काऊन नाई केली, बाबा?"

गिऱ्हाईक पुन्हा भाव विचारत होतं. मग बाबा म्हणाले, "तू भांडलीच नाई ना, बेटा. मले वाटलं, तुले चालते."

बाबा, मी भांडले नाही, कारण न भांडणारी पोरगी म्हणून तुम्ही सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं होतं. आवाज चढवत नाही, हट्ट करत नाही, किती गुणाची, पाहुण्यांसमोर आई हेच सांगायची. मला त्याचा अभिमान होता. रडल्याशिवाय माय पाजत नाही ही म्हण आपल्या घरात उठता-बसता निघायची, पण ती माझ्यासाठीही आहे हे कोणी सांगितलं नाही. मी तुमच्याकडे बघितलं होतं, त्या ताटावर. माझ्या हिशेबानं ते मागणंच होतं. तुम्हाला ते दिसलं होतं, म्हणून तर तुम्ही ताटाकडे बघत राहिलात.

इथे माझ्यासारखी बरीच जण आहेत, कोणी तेलंगणातून, कोणी केरळातून, कोणी नेपाळातून. घराची आठवण काढून रडतात, आईच्या हातचं, अंगणातलं, सणाचं. मी त्यांच्यात बसते, पण मला तसं रडू येत नाही. मला घर आठवतं ते त्या रविवारच्या पंगतीसारखं, सगळे जेवताहेत आणि माझं बोलणं माझ्या घशात आहे. तीन वर्षांत तिकिटाचे पैसे जमले तरी मी गेले नाही. अभ्यास आहे, शिफ्ट आहे, असं सांगत राहिले. खरं कारण हे की मला तिथे पुन्हा गुणी पोरगी व्हायचं नव्हतं.

मनूचं उत्तर डिसेंबरात येईल. मिळेल की नाही कोण जाणे. पण त्या दिवशी फोन ठेवायच्या आधी मी बाबांना म्हटलं की मी डिसेंबरात येते. ते एकदम खुलले. ये, ये, म्हणाले, महिनाभर आरामाले ये, आईले सांगतो.

"आरामाले नाई," मी म्हटलं. "भांडाले येतो. तुमच्याशी, मोठेबाबांशी, आईशी. सगळ्यायशी."

मला वाटलं, आता बाबा म्हणतील, दादाले विचारा लागन.

"मंग लवकर ये," ते म्हणाले.

मी त्याच दिवशी तिकीट काढलं. घर सोडल्यापासून घरी जायची अशी घाई मला पहिल्यांदाच झाली आहे.